यादी क्रमांक एकशे त्रेचाळीस

माणसाचा हात जिथं लागत नाही, तिथंच निसर्ग आपलं खरं पुस्तक लिहितो. हे वाक्य मोहगव्हाणच्या राखीव भूखंडाच्या फाटकावर, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पुढं एका वादळात पाटी कुंपणाच्या आत पडली. आत पडलेली कोणतीही वस्तू उचलायची नाही असा नियम असल्यानं ती उचलावी की नाही यावर नऊ वर्षं पत्रव्यवहार चालला, आणि तोवर पाटीवर वारूळ चढलं. पुस्तकाचं म्हणाल, तर ते गेल्या तीन फेऱ्या वनरक्षक रूपराव घरी बाजेवर बसून लिहीत होता.

भूखंड पाच एकरांचा. कारंज्याकडच्या डोंगरात, गावापासून कोसभर. सत्तर वर्षांपूर्वी कोण्या साहेबाच्या मनात आलं, की सागाचं जंगल माणसानं तसंच सोडून दिलं तर त्याचं पुढं काय होतं ते पाहावं. त्यानं कुंपण घातलं, नियम लिहिले आणि तो बदलून गेला. नियम कडक होते. तोडायचं नाही, लावायचं नाही, वाळली काटकी उचलायची नाही, मोहाचं फूल वेचायचं नाही. पडलं ते पडलेलं ठेवायचं, मरतं त्याला मरू द्यायचं. फक्त दर पाच वर्षांनी आत जाऊन प्रत्येक नंबरच्या झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि रजिस्टरात लिहायचा. झाडं चारशे बारा.

पहिल्या फेरीला रूपराव आत गेला होता, नाही असं नाही. सोबत श्रावण वनमजूर होता. पाच एकरांत माणूस हरवत नाही. तेवढ्याच तुरीच्या वावरात रूपरावची म्हैससुद्धा कधी हरवली नव्हती. रूपराव हरवला. टेप घेऊन नव्वदाव्या झाडापाशी पोचला आणि त्याच्या ध्यानात आलं, की इथं एकही खुंट नाही. सोळा वर्षं जंगलखात्यात काढलेल्या माणसाला खुंट म्हणजे ओळखीचा माणूस. कोणी तोडलं, कधी तोडलं, कुऱ्हाडीनं की करवतीनं, सगळं त्यावर वाचता येतं. इथं वाचायला काही नव्हतं. जे मेलं होतं ते आपल्या आपण मेलं होतं आणि मेल्या जागीच राहत होतं. श्रावणनं हाक मारली ती डावीकडून आली आणि उजवीकडूनही आली. वारा नव्हता, तरी कुठंतरी आत एक झाड पडलं. कडकडाट करून नाही. झोपेत माणसानं कूस बदलावी तसं.

रूपराव बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं दिवस कलला असेल. घड्याळात श्रावणच्या हाकेपासून वीसच मिनिटं झाली होती. काही दिसलं नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. त्यामुळंच कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि पुन्हा आत जाण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

उरलेले आकडे घरी भरायचे ठरले. पण चारशे बारा झाडांचे खोटे आकडे लिहिणं हे बसून लिहिणाऱ्याला वाटतं तितकं सोपं काम नाही. सगळ्यांना सारखं वाढवलं तर साहेब ओळखतो, मनाला येईल तसं लिहिलं तर मागच्या फेरीशी मेळ बसत नाही. खोट्यालाही काही धर लागतो. रूपराव इलेक्शन ड्यूटीवरून नुकताच आला होता आणि घरात गावाची मतदारयादी पडली होती. नावं तीनशे शहाण्णव. त्यानं यादीतला क्रमांक तोच झाडाचा क्रमांक धरला. उरलेली सोळा झाडं तालुक्यातल्या साहेब लोकांना दिली आणि त्यांचे घेर सढळ हातानं वाढवले.

मग काम सोपं झालं. गावात कोणी मेलं, की पुढच्या फेरीत त्याच्या नंबरापुढं 'उभं वाळलेलं'. कोणी बिऱ्हाड उचलून पुण्याला गेलं, की 'उन्मळून पडलं'. पोरगं अठरा वर्षांचं होऊन यादीत आलं, की 'नवीन भरती'. सदाशिवराव सरपंच झाल्यापासून अंगानं सुटत चालले होते, त्यांचं एकसष्ट नंबरचं झाड पाच वर्षांत नऊ सेंटिमीटर वाढलं. स्वतःचा एकशे बेचाळीस त्यानं मध्यम ठेवला, उगाच संशय नको. एकशे त्रेचाळीस होता नलूचा, त्याच्या बायकोचा. त्यापुढं प्रत्येक फेरीत तो न विसरता 'उत्तम' लिही. वरून एका साहेबानं शेराही मारला होता, की या भूखंडाच्या नोंदींत निसर्गाची लय दिसते.

ऑक्टोबर लागला. महिनाअखेर रूपराव निवृत्त व्हायचा होता, आणि नेमक्या त्याच महिन्यात दूरच्या एका संशोधन संस्थेतून भावना मॅडम सगळी झाडं नव्यानं मोजायला आल्या. मूळच्या वडनेरच्या, त्यामुळं बोली अंगातली. पण यंत्रं, दोऱ्या, दोन मदतनीस असा सगळा सरंजाम. त्या आठ दिवस आत जात होत्या. रूपराव आठ दिवस फाटकाबाहेर मोहाखाली बसून घाम पुसत होता. चौकशी लागणार, निवृत्ती अडकणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी मॅडम बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "रूपरावजी, कमाल हाय तुमची."

"काय झालं जी?"

"जुळून राह्यलं. आतापर्यंत पाच राज्यांतले भूखंड पाह्यले मी, असं रजिस्टर नाही पाह्यलं."

रूपरावच्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता. तो उतरला नाही, नुसता जागेवरून सरकला. त्यानं विचारलं, "सत्तावीस कसं हाय?"

"वाळलेलं. उभं."

सत्तावीस म्हणजे नत्थू. तीन पावसाळ्यांमागं साप चावून गेला.

"अन् अठ्ठ्याऐंशी?"

"पडलेलं. तुम्ही लिहिलं तसंच."

अठ्ठ्याऐंशी पुण्याला गेला होता, चाकणच्या कंपनीत.

"एकसष्ट?"

"ते तर लय जाड हाय बावा," मॅडम हसल्या. मग वहीत पाहून म्हणाल्या, "एकच बसत नाई. एकशे त्रेचाळीस. तुम्ही 'उत्तम' लिहिलं. शेंडा पार वाळला त्याचा, साल सुटली, उधई चढून राह्यली. एखादं वर्ष काढलं तर काढलं."

 मोहावर एक भारद्वाज ओरडत होता, तो थांबला. किंवा रूपरावला ऐकू येईनासा झाला.

घरी आला तर नलू ओसरीवर बसली होती. ऑक्टोबरचं ऊन असं, की पत्रा तडतडत होता. नलू स्वेटर घालून, वरून शाल घेऊन बसली होती. पोळ्यापासून हे असंच होतं. बाईला थंडी वाजायची. दोन पायऱ्या चढून आली की भिंतीला टेकायची. मांडीवर फणी होती आणि फणीत केसांचा एवढा मोठा गुंता.

"शेंडा पातळ होऊन राह्यला माह्या," नलू म्हणाली. "काऊन असे पाहता जी? टकलं मानूस पाह्यलं नाई का कधी?"

"रिपोर्ट कधी हाय?"

"गुरुवारी. सेवाग्रामले जा लागन. पण डाक्टरीनबाई म्हणे, काळजी करू नका. त्या असं म्हनल्या म्हून तर मले काळजी लागली." ती हसली आणि शाल ओढून घेतली. "तुमची ते मॅडम गेली का? काय म्हने?"

"समदं जुळलं म्हने."

"मंग तोंड काऊन उतरलं?"

रूपराव म्हणाला, "उन्ह लागली." आणि आत जाऊन पाणी प्यायला. त्यानं आरशाखालून रजिस्टरची घरची प्रत काढली. एकशे त्रेचाळीस. 'उत्तम'. 'उत्तम'. 'उत्तम'. स्वतःचंच अक्षर त्याला दुसऱ्या कोणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो श्रावणकडे गेला. श्रावण दोन वर्षांमागं निवृत्त झालेला, विहाराच्या पायरीवर पेपर वाचत बसला होता. मतदारयादीची युक्ती गावात त्यालाच काय ती माहीत होती, आणि ती आपल्याला माहीत असल्याची आठवण तो रूपरावला अधूनमधून करून देत असे.

"ये गा लेखक," श्रावण म्हणाला. "माह्या एकोणीस नंबर कसा हाय? मोड गिड आला का?"

रूपरावनं सगळं सांगितलं. श्रावणनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"झाडानं मतदारयादी वाचली म्हन्तो तू."

"नत्थू वाळला त्याले काय म्हन्तो?"

"नत्थूले साप चावला. झाडाले साप चावला का?" श्रावणनं पेपर घडी केला. "आमच्या बापानं छप्पन साली देव-भूत सोडले अन् मले शाळेत घातलं. आता म्हातारपनी तू मले झाड दाखवून भेव दावू नको. वहिनीले दवाखान्यात ने."

"नेलं ना. रिपोर्ट गुरुवारी हाय. तवर काय करू?"

"काय करशीन?"

"दोन कॅन पानी नेतो. उधईचं औषध नेतो. बुडाशी टाकतो."

श्रावणनं चष्मा पुन्हा काढला. "सत्तर वर्षं तिथं कोनी हात नाई लावला," तो म्हणाला. "राजं मेले, मंत्री बदलले, काटकी नाई उचलली कोनी. अन् तू तिथं जाऊन झाडाले सलाइन लावशीन. निवृत्तीले अठरा दिवस राह्यले तुह्ये."

"तू येतं का संग?"

"नाई," श्रावण म्हणाला. मग पेपर पुन्हा उघडून म्हणाला, "माह्या भूतावर विश्वास नाई. पन त्या जागेवर बी नाई."

रूपराव भर दुपारी एकटाच आत गेला. दोन हातांत दोन कॅन, खांद्याला फवारणीचा पंप. फाटकातून शंभर पावलं गेला आणि मागचा रस्ता झाडांनी मिटवून घेतला.

आत उजेड होता, पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. सागाची मोठी पानं एकावर एक पडून कुजून पायाखाली गादीसारखी झाली होती. पाऊल पडलं की आवाज न होता आत जात होतं, आणि उचललं की जागा सावकाश वर येत होती. वेली मनगटाएवढ्या जाड होऊन या झाडाच्या गळ्यातून त्या झाडाच्या गळ्यात गेल्या होत्या. एक झाड मरून पडायला निघालं होतं, पण शेजाऱ्यांनी त्याला पडू दिलं नव्हतं; ते तिघांच्या खांद्यावर तिरपं, साल गळून पांढरं झालेलं, कित्येक वर्षं तसंच पडत होतं. खाली पडलेल्या खोडांवर हिरवं शेवाळ आणि त्या शेवाळावर, बरोबर रेघेत, नवी रोपं उगवलेली, जणू कोणी पंगत मांडावी.

आणि झाडांवर नंबर होते. मॅडमच्या माणसांनी पांढऱ्या रंगानं ताजे घातलेले, छातीच्या उंचीवर. रूपराव नंबर वाचत चालला होता, म्हणजे गाव ओळखत चालला होता. जिजाबाई. कैलासचा बाप. पुलावरचा शिंपी. सगळे उभे होते, कोणी बोलत नव्हतं.

सत्तावीस लागला. नत्थू उभा वाळला होता, अंगावर वरपासून खालपर्यंत सुताराच्या चोचीची भोकं, एका भोकातून पोपटाचं डोकं बाहेर. कमरेला ताटाएवढ्या आळंब्या. बुडाशी मुंगसाचं बीळ. नत्थू जिवंतपणी इतक्यांच्या उपयोगी कधी पडला नव्हता. रूपराव नकळत म्हणाला, "राम राम," आणि आपला आवाज ऐकून थबकला.

पुढं अठ्ठ्याऐंशी आडवा होता. त्याच्या जागी वर आभाळाचं भोक पडलं होतं, आणि त्या भोकाखाली झाडोऱ्याची झुंबड उडाली होती. जो तो उजेडाकडं मान काढून. साग त्यात एकही नव्हता. रूपरावनं मग इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं ते त्याला आवडलं नाही. मोठ्या सागांच्या खाली सागाचं पोर कुठंच नव्हतं. खाली उभे होते ते तेंदू, धावडा, कुडा, मोवई. गुडघ्याएवढे, बोटाएवढे जाड, पण बुंधा जुनाट. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तेवढेच राहिलेले. वाढत नव्हते, मरत नव्हते. वरचा कोणी पडायची वाट पाहत होते. त्यांना कोणी लावलं नव्हतं आणि त्यांना काही घाई नव्हती.

एकशे बेचाळीसच्या शेजारी एकशे त्रेचाळीस असेल म्हणून तो आपलंच झाड शोधत होता. ते सापडेना. एकशे त्रेचाळीस सापडलं, तर त्याच्या एका अंगाला तीनशे सात होतं आणि दुसऱ्या अंगाला नव्वद. नलू सगळ्या अनोळखी लोकांत एकटी उभी होती.

शेंडा उघडा पडला होता. बाकी सगळं जंगल पानांनी भरलेलं, आणि या एकाच डोक्यावर वाळल्या फांद्या. साल उभ्या पट्ट्यांनी सुटून लोंबत होती. बुंध्यावर उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, मातीच्या रेघा चढलेल्या. रूपरावनं हात लावला. भर दुपारी खोड थंड होतं.

त्यानं दोन्ही कॅन बुडाशी ओतले. पालापाचोळ्यानं पाणी आवाज न करता पिऊन टाकलं, ओलसुद्धा दिसेना. मग त्यानं पंप मारायला वाकून पाहिलं, तर झाडाभोवती रिंगण धरून ती लहान रोपं उभी होती. तेंदू आणि कुडा, तीसेक असतील. सगळ्यांची तोंडं वर, त्या उघड्या शेंड्याकडं. आत्ता कुठं उजेड येऊ लागला होता आणि त्यांना नवी पानं फुटली होती. कोवळी, लाल, तेल लावल्यासारखी.

तेव्हा रूपरावला राहवलं नाही. त्यानं पंप टाकला आणि गुडघ्यावर बसून रोपं उपटायला लागला. पहिलं निघालं. दुसऱ्याला जोर लावावा लागला, मूळ हाताएवढं खोल होतं. सात निघाली, आठवं निघेना तेव्हा तो त्याच्याशी बोलू लागला. "जित्ती हाय अजून ते," तो म्हणत होता. "जित्ती हाय. सरका बाजूले."

"रूपरावजी?"

तो उठला नाही. मॅडम मागं उभ्या होत्या, बांधलेल्या दोऱ्या सोडायला आलेल्या, हातात टेप. त्यांनी कॅन पाहिले, पंप पाहिला, त्याच्या हातातलं रोप पाहिलं.

"काय करून राह्यले तुम्ही?"

खोटं बोलायला रूपरावजवळ या वेळी यादी नव्हती. त्यानं सगळं सांगून टाकलं. नव्वदावं झाड, बाज, मतदारयादी, साहेब लोकांची सोळा झाडं, नत्थू, नलूचे केस, शाल. "चौकशी लावा जी," तो म्हणाला. "निवृत्ती थांबवा, काय करायचं ते करा. पन एवढं झाड वाचवाचं काही औषध असन तर सांगा. मी चुकीचं लिहिलं असन, पन याच्या नंबरापुढं कधी वाईट नाई लिहिलं."

मॅडमनी पंप उचलून बाजूला ठेवला. मग शेजारच्या तीनशे सातपाशी गेल्या आणि त्याच्या सालीतल्या एका उभ्या भेगेवर बोट ठेवलं. ओठ मिटावेत तशी भेग. आत काही चकाकत होतं.

"हा बिल्ला हाय," त्या म्हणाल्या. "अॅल्युमिनियमचा, जुन्या नंबरचा. झाडानं गिळला. चारशेमधले अकरा वाचता आले मला, बाकी समदे आत गेले. नकाशा होता तो ऑफिसात उधईनं खाल्ला."

"मंग हे नंबर?"

"मी घातले. झाडं मोजली, घेर लावले, अन् तुमच्या रजिस्टरात ज्याचा आकडा जवळ, त्याला तो नंबर देऊन टाकला. वाळलेल्याला वाळलेला, पडलेल्याला पडलेला." त्या रूपरावकडं न पाहता टेप गुंडाळत होत्या. "जुळलं म्हणजे काय, जुळवलंच होतं ना ते. शेवटी एक वाळकं झाड उरलं अन् एक नंबर उरला."

रूपरावनं लोंबणारी साल बुंध्याला टेकवून पाहिली. वर कुठंतरी एक वाळकी फांदी सुटली आणि फांद्याफांद्यांवर टेकत, सवडीनं खाली आली.

"मंग हे कोनाचं हाय?"

"कोनाचंच नाही. झाड हाय ते." मॅडमनी उपटलेली रोपं पायानं एका जागी केली. सात होती. "अहवाल गेला माझा कालच. तुम्ही काही सांगितलं नाई, मी काही ऐकलं नाई." त्यांनी वही काढून बुंध्यावर टेकवून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सात रोपं उपटलेली. रानडुक्कर."

बाहेर येताना त्या पुढं होत्या आणि रूपराव मागं, नंबर न वाचता, खाली मान घालून. तरी एकसष्टाजवळून जाताना त्यानं वाट जराशी वाकडी केली.

गुरुवारी सेवाग्रामला रिपोर्ट मिळाला. नलूला थायरॉइड निघाला. एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानं.